आतून लागणारी कडी

अमृतेश्वरा, मुंबईला जाऊन आले. सगळी मुंबई नाही पाहिली. नरिमन पॉइंटच्या टोकाला, समुद्राला खेटून उभं असलेलं नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, ज्याला तिथले लोक एनसीपीए म्हणून मोकळे होतात, तेवढं एकच पाहिलं आणि परतीच्या गाडीत बसले. राणीची बाग नको, चौपाटी नको, म्हटल्यावर भाची बघतच राहिली. महालक्ष्मीचं दर्शनही राहिलं. ते तिला तूच सांगून ठेव, तुमचं घरातलं आहे.

आज राजूरहून रतनवाडीला आले ती हे सगळं तुझ्या कानावर घालायला. पावसाळ्यात तुझी पिंड पाण्याखाली जाते, गाभाऱ्यात उतरता येत नाही, म्हणून इथं मंडपातच बसते. बाहेर रतनगड ढगात आहे, देवळात दुसरं कुणी नाही. तेव्हा जरा सविस्तर बोलते.

आधी आभार. तू मला डोळ्यांआधी कान दिलेस. आमच्याकडं जत्रेला तमाशा यायचा. पुरुषमाणसं आणि पोरं खांद्यावर घोंगडी टाकून निघायची. आम्ही मुली माळ्यावर अंथरुणात पडून राहायचो आणि ढोलकीवर पहिली थाप पडली की आत्याचा डोळा चुकवून कौलांच्या फटीला कान लावायचो. गण, गवळण, बतावणी आणि मग वग, हा क्रम मला कुणी शिकवला नाही, तो त्या फटीतून आत आला. सोंगाड्या बोलला की माणसं कुठं हसतात ते ऐकू यायचं. आणि मध्येच सगळं मैदान एकदम गप्प व्हायचं, त्यावरून कळायचं की आता नाची पुढं आली. एकही तमाशा न बघता मला तमाशा कळायला लागला, ही तुझीच करणी.

पुढं रेडिओ आला. आकाशवाणीवर रात्री नाट्यसंगीत लागायचं आणि सह्याद्रीचे डोंगर मधून मधून त्यात खरखर घालायचे. सप्ताहातली कीर्तनं ऐकली. घाटमाथ्यावरच्या गावांत बोहाड्याची सोंगं पाहिली. संबळ तापलेला, मशाली पेटलेल्या आणि देवाचा मुखवटा तोंडावर चढवलेला एखादा शेतकरी, जो दिवसा भाताच्या चिखलात होता, तो त्या उजेडात पाऊल टाकायला लागला की मला भीतीही वाटायची आणि तुझी आठवणही यायची. आश्रमशाळेत नोकरी लागली तेव्हा मुलींच्या फुगड्या आणि कांबडनाच पाहिले. पहिल्या पगारातून संगमनेरला जाऊन तिकीट काढून नाटक पाहिलं. एका जन्मात एवढं पुष्कळ झालं. मी तक्रार करत नाही.

पण तुझ्याकडं आजवर न मागितलेलं एक मागणं आहे. ते कळायला आधी मी काय पाहिलं ते ऐक.

भाचीच्या ओळखीचा एक मुलगा तिथं दिव्यांचं काम करतो. त्यानं दुपारी, खेळ नसताना, आम्हाला फिरवलं. आम्ही घोटीवरून इगतपुरी गाठली, तिथून रेल्वेनं कसारा घाट उतरून आलो. त्यामुळं डोक्यात अजून घाटाचा वारा होता आणि एकदम त्या थंड, जाजम अंथरलेल्या दालनात उभी राहिले. आवाज म्हणून नाही. माझ्याच चपलेचा आला, म्हणून चप्पल हातात घेतली. मुलगा म्हणाला, आजी, घाला हो. मी घातली नाही. पुढं ज्या जागेवर जायचं होतं तिथं चपलेचं काम नव्हतं.

हे केंद्र 1969 साली सुरू झालं. जमशेद भाभा नावाच्या पारशी गृहस्थांचा तो ध्यास. अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचे हे धाकटे भाऊ. जे. आर. डी. टाटा पाठीशी उभे राहिले. समुद्रात भर टाकून केलेल्या जमिनीवर हे सगळं बांधलं. म्हणजे पूर्वी लाटा होत्या तिथं आता रसिक बसतात, आणि वरुणानं त्याबद्दल अजून काही वसूल केलेलं दिसत नाही.

त्यातलं टाटा थिएटर 1980 साली उघडलं. त्याचा आराखडा अमेरिकेच्या फिलिप जॉन्सन यांचा आणि आवाजाचं गणित सिरिल हॅरिस यांचं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्येही आवाज कसा फिरावा ते ह्याच हॅरिसनी ठरवलं होतं. हजाराच्या वर आसनं आहेत, पंख्याच्या आकारात पसरलेली, आणि रंगमंच फिरता. सतारीची तार छेडली तर माईकशिवाय ती शेवटच्या माणसापर्यंत जावी, असा ह्या बांधणीचा हेतू. मी रंगमंचाला हात लावून तो कपाळाला लावला. मुलगा हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, इथं सगळेच लावतात, परदेशातून आलेलेसुद्धा आमचं बघून लावतात.

मग मी मधोमध उभी राहिले आणि घरात बोलते तेवढ्याच आवाजात तुझं नाव घेतलं. भाची पार मागं, शेवटच्या रांगेत जाऊन बसली होती. तिथून म्हणाली, मावशी, ऐकू आलं. अमृतेश्वरा, तू कधी नरिमन पॉइंटला गेला नसशील, पण तुझं नाव तिथल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाऊन आलं. हॅरिस साहेबांचं आणि त्यांना बोलावणाऱ्यांचं कल्याण कर. आमच्या कौलांच्या फटीतून आवाज यायचा तो तुझ्या कृपेनं आणि वाऱ्याच्या मर्जीनं. इथं माणसांनी तो बेतून, मोजून, भिंतीला वळणं देऊन आणला. दोन्ही मला तेवढंच पवित्र वाटतं.

ज्यांचे आवाज मी रेडिओवर ऐकले, ज्यांची पुस्तकं वाचली, ती माणसं ह्याच वास्तूत वावरली. विजया मेहता इथं कार्यकारी संचालक होत्या, पु. ल. देशपांडे मानद संचालक होते. अशोक रानडे इथं बसून संशोधन करायचे. शास्त्रीय गायकी आणि गोंधळ्याचं संबळ ह्या दोन्हींकडं ज्यांनी सारख्याच गांभीर्यानं पाहिलं, त्यांतले ते एक. ह्या सगळ्यांनी तुझीच सेवा केली, मग त्यांनी तुझं नाव घेतलं असो की नसो. पु.लं.नी बहुधा नसेल घेतलं. तू मनावर घेऊ नकोस.

शेजारी जमशेद भाभा थिएटर आहे. त्यात मलबार हिलवरच्या, पाडून टाकलेल्या पेटिट हॉल ह्या वाड्याचा संगमरवरी जिना आणून बसवलाय. मोडलेल्या घराचा जिना नव्या घरात चढतो, हे मला फार आवडलं. पण मुलानं पुढं सांगितलं ते ऐकून थबकले. हे थिएटर बांधून होत आलं होतं आणि 1997 साली आगीनं आतून खाऊन टाकलं. जमशेद भाभांनी ऐंशी ओलांडली होती. त्या वयात माणूस काठी टेकून घरी बसतो. त्यांनी ते पुन्हा बांधलं आणि 1999 साली उघडलं.

आता इथं मला तुझ्याशी थोडं भांडायचं आहे.

निवृत्तीनंतर मी भरताचं नाट्यशास्त्र मराठीतून वाचलं. कळलं तेवढं कळलं. देवांनी पहिलं नाटक केलं आणि विघ्नांनी त्यात धुडगूस घातला, नटांची वाणी आणि हालचाल गोठवली. तेव्हा ब्रह्मदेवानं विश्वकर्म्याला सांगितलं की नाटकासाठी घर बांध. घर झालं आणि त्याच्या एकेका भागावर राखणीला एकेक देव बसवला. चंद्र मंडपावर. दिशांना लोकपाल. वाद्यांवर तर सगळ्यांनीच लक्ष ठेवायचं. आणि वेदीच्या रक्षणाला कोण, तर अग्नी! मुंबईत 1997 साली तो कुठं होता? कोल्हापूरला कुठं होता? शाहू महाराजांनी युरोपात नाट्यगृहं पाहिली आणि परत येऊन पॅलेस थिएटर उभं केलं, 1915 साली. पुढं त्याला गायकनट केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. 9 ऑगस्ट हा केशवरावांचा जन्मदिवस. 2024 साली त्याच्या आदल्या रात्री, 8 ऑगस्टला, ते नाट्यगृह जळालं. टीव्हीवर ज्वाळा दिसत होत्या आणि बाहेर रस्त्यावर म्हातारे नट रडत होते. राखणदार म्हणून नेमलेल्यानंच घर जाळलं तर फिर्याद कुठं द्यायची? तू तिसऱ्या डोळ्यात त्याला ठेवतोस, तुझं तो ऐकेल. त्याला सांग, की समईत राहा, निरांजनात राहा, बोहाड्याच्या मशालीत राहा. पडद्याला शिवू नकोस. कोल्हापूरकरांचे हात लवकर चालू देत आणि नवी वास्तू जुन्या आवाजासकट उभी राहू दे.

भांडण संपलं. आता मूळ गोष्टीवर येते.

मुलगा म्हणाला, आजी, आता मागची बाजू दाखवतो. विंगेतून आत गेलो. लांब बोळ, दोन्हीकडं दारं. त्यानं एक उघडलं. रंगपट. भिंतीला आरसा, आरशाभोवती दिवे, समोर खुर्ची. कपडे टांगायला दांडी. पलीकडं संडास-न्हाणी, नळाला पाणी. मी दार लावून पाहिलं. आतून कडी लागली.

मुख्य रंगमंच बघताना माझे डोळे भरले नव्हते. तिथं भरले. भाचीला वाटलं मला चक्कर आली. तिला काय सांगणार?

जत्रेच्या दिवशी दुपारी फडाची गाडी यायची. माणसं तंबूचे खांब रोवायची आणि बायका सावली शोधायच्या. एकदा त्यातल्या दोघी आमच्या दारात पाणी मागायला आल्या. एक माझ्या आईच्या वयाची, एक माझ्याहून थोडीच मोठी असेल. आजी कडक. तिनं हंडाभर पाणी दिलं, वर तांब्याभर ऊन पाणीही दिलं. त्या थोरलीनं मग हळूच विचारलं, की मावशी, जरा आडोसा मिळेल का, लुगडी बदलायची आहेत, तिकडं पोरं वाकून बघतात. आजीनं त्यांना गोठा उघडून दिला. घरात घेतलं नाही. गोठ्याच्या दाराला कडी नव्हती, म्हणून मला दाराबाहेर पाठ करून उभं केलं. आत गाय हलायची, घुंगरांचा आवाज यायचा, आणि त्या दोघी खालच्या आवाजात हसत होत्या. रात्री माळ्यावरून ऐकताना मला त्यांचेच पाय ओळखू येतायत असं वाटत राहिलं. आजीनं त्यांना आडोसा दिला आणि उंबरा दिला नाही. ह्या दोन्हींचा हिशोब तू तुझ्या वहीत कसा मांडलास, ते तुझं तुला माहीत. आजी आता तुझ्याकडंच आहे.

तू विठाबाईंना ओळखतोस. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. 1957 साली आणि पुन्हा 1990 साली राष्ट्रपतींच्या हातून त्यांचा सन्मान झाला. सांगतात, की खेळ चालू असताना त्यांना कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली आणि पोटाला कापड बांधून पुन्हा रंगमंचावर आल्या. लोकांना कळलं तेव्हा त्यांनी पैसे उधळले आणि परत जा म्हणाले. ही गोष्ट सांगताना माणसांचा ऊर भरून येतो: केवढी ती कलेवरची निष्ठा! मलाही भरून येतो. पण बाईमाणूस म्हणून मला दुसरंच दिसतं. तो पडदा दिसतो. त्यामागं माती, अंधार, आणि दगड. तिथं सुईण नव्हती, गरम पाणी नव्हतं, आडवं व्हायला बाज नव्हती. निष्ठा तिची होती, पण ती जागा आमची होती, ज्यानं खेळ बोलावला त्या सगळ्या गावाची. 2002 साली विठाबाई गेल्या. आता त्यांच्या नावानं सरकार तमाशातल्या कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलंच आहे. त्यांच्या नावानं एखादं न्हाणीघर बांधलं असतं तरी मला चाललं असतं.

आमचा मुलूख ह्या बायांचा आहे, देवा. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची पवळा. पुरुषच लुगडं नेसून नाची व्हायचे, अशा काळात ती बाई म्हणून तमाशाच्या बोर्डावर उभी राहिली, आणि शाहीर पठ्ठे बापूरावांच्या शब्दांना तिच्या गळ्यानं मुंबईपर्यंत नेलं. कांताबाई सातारकर संगमनेरात राहिल्या. 2021 च्या मे महिन्यात करोनानं त्यांना नेलं. त्याआधी तमाशाचा एक सबंध हंगाम बुडाला होता, आणि दुसराही हातातून चालला होता. नारायणगावला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात. पैसे किती, वग कोणता, बाया किती, सगळं ठरतं. कपडे कुठं बदलायचे हे मात्र कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना माहीत असतं.

आणि हे फक्त तमाशाचं नाही. आश्रमशाळेत स्नेहसंमेलन असलं, की मुली वर्गात बाकं दाराला लावून नऊवारी नेसायच्या. खिडकीवर सतरंजी धरून आम्ही दोघी बाई उभ्या. एका वर्षी एक मुलगी नाचायलाच आली नाही. तिचं पाऊल सगळ्यांत चांगलं पडायचं. नंतर कळलं की तिची पाळी चालू होती आणि बदलायला जागा नव्हती. तिनं कुणाला दोष दिला नाही, मुकाट मागं बसून टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. मी कानांची माणूस आहे, माझ्या डोक्यात हे असंच साठतं.

त्या रंगपटात मला भरताच्या नाट्यगृहाचा आराखडा आठवला. मधल्या मापाचं लांबट नाट्यगृह चौसष्ट हात लांब, बत्तीस हात रुंद. पुढची अर्धी जागा प्रेक्षकांची. मागच्या अर्ध्यातली अर्धी रंगमंचाची. आणि उरलेली सगळी, म्हणजे सबंध इमारतीची चौथाई, कलाकारांना वेश करायला, टेकायला, थांबायला. त्या चौथाईवर राखणीला मित्र देव. रंगमंचाला जेवढी जागा तेवढीच त्याच्या मागच्या खोलीला! कुठल्या काळात बसून त्या मुनीनं हे मोजलं, आणि आमच्या गावांनी स्टेज बांधताना फक्त पुढचं वाचलं. चार पत्रे, एक चौथरा, वर देणगीदारांची नावं. मागं उतरलं की बाभळ.

तुझ्यावर राग नाही. पण भीत भीत एक बोलते. तुला कधी रंगपट लागलाच नाही. अंगाला राख फासली, कमरेला कातडं गुंडाळलं, की तू तांडवाला तयार. ब्रह्मदेवानं तुला त्रिपुरदाहाचा खेळ करून दाखवला, तेव्हा तू म्हणालास की छान आहे, पण पूर्वरंगात नाच घाला, आणि तंडूला शिकवायला पाठवलंस. नाच कसा असावा हे तुझ्याइतकं कुणाला कळतं? पण नाचणाऱ्यानं तयार कुठं व्हावं, हा प्रश्न तुझ्या घरात तुला पडला नसेल. पार्वतीला विचार. लास्य तिचं आहे. ती सांगेल की केस विंचरायला आरसा लागतो, आणि आरशासमोर उभं राहायला पाठीमागं भिंत लागते.

तर माझं मागणं हे आहे.

मला राजुरात एनसीपीए नको. एवढा समुद्र बुजवायला आमच्याकडं समुद्र नाही. पैशाचं म्हणशील तर होमी भाभांचा मलबार हिलवरचा मेहरांगीर बंगला जमशेदजींकडून ह्या केंद्राकडं आला, आणि 2014 साली लिलावात 372 कोटींना गेला. तो भाभांचं स्मारक म्हणून राखावा, असं अनेक शास्त्रज्ञ म्हणत होते. त्यांचंही चुकत नव्हतं, आणि नाट्यगृह चालवायला पैसा लागतो हेही खरं. असला तिढा मला देऊ नकोस. मी निवृत्त मास्तरीण आहे, मला तो सुटायचा नाही.

मला एक खोली दे. डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं तेव्हा गावात माणूस मावत नाही, जत्रेला फड येतो, शाळांची संमेलनं होतात. गावाच्या कडेला जिथं हे सगळं जमेल अशा जागी एक दगडी ओटा, त्यावर आमच्या पावसाला पुरेल असं छप्पर, आणि त्याच्या मागं एक खोली. खरं तर दोन, एक बायांची, एक पुरुषांची. आरसा. दिवा, आणि वीज गेली तर चालणारा दुसरा दिवा. न्हाणी, आणि तिला पाणी, ते पाणी वाहून जायला मोरी. जवळच भंडारदऱ्याला 1926 पासून धरण आहे, सबंध प्रवराकाठ त्यावर भिजतो, तेव्हा आमच्या एका न्हाणीला पाणी नाही असं कुणी म्हणू नये. कपडे टांगायला दांडी. बोहाड्याचे मुखवटे पावसाळ्यात बुरशी न लागता ठेवता येतील असं एक उंच फडताळ. एखाद्या लेकुरवाळीला पोराला पाजायला बाज. दाराला आतून लागणारी कडी.

आणि ओट्यासमोर बायकांना बसायला जागा दे, मधोमध, कडेला नव्हे. माळ्यावरून ऐकणाऱ्या पिढीतली मी शेवटची असेन तर बरं.

हे बांधणाऱ्याच्या मनात जा. तो सरपंच असो, सरकारी साहेब असो, पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेला आमचाच एखादा पोर असो. त्याला ओट्याच्या मापाआधी मागच्या खोलीचं माप आठवू दे. त्याचं नाव दगडावर कोरायचं असेल तर खुशाल कोरू दे, पण बाहेरच्या बाजूनं. आत आरसाच असू दे.

आणखी थोडं, तुला कंटाळा आला नसेल तर. हल्ली लग्नात आणि मिरवणुकीत ध्वनिक्षेपकाच्या भिंती लावतात. छातीचे ठोके चुकतात, आणि ढोलकी वाजवणारा माणूस शेजारी रिकामा उभा असतो. त्या भिंती जरा हळू कर. सगळ्या बंद कर असं म्हणत नाही, पोरांना नाचायचं असतं, तूही नाचतोस. पण ढोलकीवाल्याला वर्षातून चार सुपाऱ्या जास्त मिळू देत. मुंबईतल्या त्या मुलाला बढती दे, त्यानं सुटीच्या वेळात आम्हाला दोन तास दिले. माझे कान शेवटपर्यंत शाबूत ठेव, डोळे गेले तरी चालतील. गुडघेही एवढे काही महत्त्वाचे नाहीत, पण इथंवर चढून येण्याइतके असू देत.

आणि खोली झाली की एक वाद होणार, तो मला आत्ताच दिसतोय. तिला कुलूप लागेल. कुलूप हवंच, नाहीतर महिन्याभरात आत सिमेंटच्या गोण्या आणि निवडणुकीचे फलक येऊन पडतील. पण किल्ली ग्रामपंचायतीच्या कपाटात गेली, तर फड आलेल्या दिवशी शिपाई नेमका तालुक्याला गेलेला असतो. देवळाच्या पुजाऱ्याकडं दिली, तर तो आत कोणाला सोडायचं ते ठरवत बसेल. शाळेत ठेवली, तर सुटीत शाळा बंद. बचत गटातल्या बाया ती सांभाळतील असं मला वाटतं. त्यांच्यापैकी कुणी ना कुणी गावात असतेच, आणि दाराशी आलेल्या बाईला आडोसा लागतो हे त्यांना सांगावं लागत नाही. तुझं मत काय ते कळव. पाया खणायच्या आधी हे ठरलेलं बरं.